बाबांसमोर ग्लास

शंका : वय ३४, नोकरी गोव्यात. दिवाळीला सांगलीला येताना कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट आणली आहे. बाबा ६८ वर्षांचे. रोजचे नाहीत, पण कपाटात कोटामागे क्वार्टर असते आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आज बसू या का?’ असं त्यांना विचारलं तर मर्यादा सुटेल का? शास्त्र काय म्हणतं? शिवाय ते सोडा ओतून एका दमात संपवतील, ही धास्ती आहेच.

समाधान : शास्त्राकडून परवानगीची आशा धरू नका. मनुस्मृतीने सुरापान महापातकांत घातलं आहे आणि उंची मालाला सूट दिलेली नाही. मद्यातून कचाची राख पोटात गेल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणांना मद्य वर्ज्य केलं. त्याच कथेवर खाडिलकरांनी १९१३ साली ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आणलं. ते पाहून किती बैठका मोडल्या, देव जाणे. पण तुमचं पहिलं पातक उत्पादन शुल्क खात्याच्या पोथीत आहे. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. बांद्याच्या नाक्यावर गाडी अडवली असती, तर बाबांना फोन वेगळ्याच कारणासाठी गेला असता.

आता बापलेकांचं. सोळावं वर्ष लागलं की मुलाशी मित्रासारखं वागावं, हे सुभाषित मुलं आपल्या सोयीने वापरतात. उपदेश आहे बापाला. म्हणजे मैत्री त्यांनी सुरू करायची. तुम्ही बाटली हातात द्या, ‘तुमच्यासाठी आणली’ म्हणा आणि गप्प बसा. ते एक ग्लास काढतात की दोन, ते बघा. एकच काढला तर मनाला लावून घेऊ नका. इतकी वर्षं त्यांनी ती क्वार्टर कोटामागे ठेवली ती तुमच्या धाकाने नव्हे, तुमच्यासमोर बाप म्हणून उभं राहता यावं म्हणून. ते पांघरूण तुम्ही ओढायचं नाही.

आईला मात्र आधी सांगा. ती आत भांडी आपटत असेल, तर बाहेरची बैठक कितीही रंगो, आवरती घ्या. बाबांना रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बूचही काढू नका.

राहिला सोडा. गोव्याच्या उष्म्यात पिंपातला माल वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास उडून जातो, स्कॉटलंडात दोनच्या; तेव्हा तुमचा जीव हळहळतो हे कबूल. पण दिलं ते दिलं. ते सोडा घालतील, बर्फ घालतील, वर शेव खातील. चार थेंब पाणी घालून वास कसा घ्यावा, हे व्याख्यान त्यांनी विचारलं तरच द्या.

शंका : मी माळकरी आहे. मुलगा परदेशातून महागडी बाटली आणतो आणि ‘नुसती चव बघा’ म्हणतो. नाही म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो.

समाधान : उतरू द्या. तुळशीची माळ घालताना मद्य-मांस सोडलं ते चवीसकट. पण त्याच्या शेजारी बसायला माळ आड येत नाही. त्याला एक पेग घेऊ द्या, तुम्ही चहा घ्या आणि तिकडे कसं चाललंय ते निवांत विचारा. तो तिसरा भरू लागला, तर बाप म्हणून काय बोलायचं ते तुम्हाला मी सांगायला नको.