मोजावे ते कशासाठी?

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लिंबागणेश लागते. बालाघाटच्या माळावरील हे गाव भालचंद्र गणपतीच्या मंदिरासाठी सर्वदूर परिचित आहे. काही वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात एका स्नेह्यांकडे आम्ही तेथे थांबलो होतो. शेजारच्या अंगणात एक आजी आणि तिचा चार-पाच वर्षांचा नातू बसलेले होते. मुलाचे आईवडील दिवाळी आटोपून ऊसतोडीला गेले होते. चित्रांच्या पुस्तकाची पाने मागून पुढे उलटीत नातू कोल्ह्याची गोष्ट रंगवून सांगत होता आणि आजी हुंकार देत होती. आम्ही जवळ गेलो, पुस्तक पहिल्या पानावर आणले आणि एका अक्षरावर बोट ठेवून विचारले, “बाळा, हे काय आहे?” मूल आजीच्या पदराआड गेले. गोष्ट तेथेच थांबली.

त्या मुलाचे काय चुकले, हा प्रश्न आम्हांला पडला नाही. आमचे काय चुकले, हा मात्र अजूनही पडतो.

शाळेत जाण्यापूर्वीच्या मुलाची वाचनाची तयारी तपासावी का? अनेक सहृदय माणसे म्हणतात, मुळीच तपासू नये. फुलाची पाकळी बोटाने उघडू नये. हे ऐकायला गोड वाटते. पण ज्या घरात पुस्तके आहेत आणि रात्री गोष्ट वाचून दाखवणारी आई आहे, त्या घरातील मुलाला न तपासल्याने काही बिघडत नाही. जेथे हे नाही, तेथील मुलाचे मागे पडणे पहिली-दुसरीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि लक्षात येते तेव्हा त्याच्या पाठीवर ‘ढ’ असा शिक्का बसलेला असतो. न पाहणे म्हणजे प्रेम नव्हे.

शिवाय वाचनाची तयारी म्हणजे बाराखडीचे पाठांतर नव्हे. ‘कमळ’ या शब्दाला तीन टाळ्या वाजवता येणे, ‘बस’ आणि ‘बशी’ यांची सुरुवात सारखी आहे हे कानाला कळणे, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगणे, छापलेली ओळ डावीकडून उजवीकडे वाचतात हे ठाऊक असणे, अशा अनेक पायऱ्या अक्षरओळखीच्या आधी आणि तिच्या सोबतीने येतात. लिंबागणेशचा तो मुलगा यांतील गोष्टीच्या पायरीवर भक्कम उभा होता. पाने कोणत्या बाजूने उलटावीत हे त्याला शिकायचे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्हांला मात्र त्याच्याजवळ नसलेली तेवढीच दिसली.

मोजण्याची एक निर्मळ रीत आपल्या गावागावांत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी सर्वत्र पोहोचली. तेथे बाळाला वजनकाट्यावर ठेवतात आणि वाढीच्या तक्त्यावर खूण करतात. वजन कमी भरले, तर बाळ नापास झाले असे कोणी म्हणत नाही. त्याच्या ताटात काय पडते, ते आजारी होते काय, असे आपण विचारतो. काटा बाळाला लावतात, पण उत्तर मोठ्यांनी द्यायचे असते. मग अक्षरांच्या बाबतीत हा न्याय उलटा का व्हावा?

तो उलटा होतो, कारण तेथे मोजण्याचा हेतू निवड हा असतो. शाळाप्रवेशाच्या वेळी बालकाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. तरीही ‘मुलाला वाचता येते’ असे लिहून द्या, अशी विनंती घेऊन पालक आमच्याकडे येत असत आणि आम्ही तसे लिहूनही देत असू. एका मुलाला पुढे ढकलताना दुसऱ्याला मागे सारतो आहोत, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

ताराबाई मोडक यांची वाट वेगळी होती. माँटेसरींची पद्धत त्यांनी खेड्यातील मुलांसाठी साधी व स्वस्त केली. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे कार्य सुरू केल्यावर, दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुले का आली नाहीत, याचे उत्तर त्यांनी मुलांकडे मागितले नाही.

आज महाराष्ट्रात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. २०२२पासून चाललेल्या या उपक्रमात मुले खेळत खेळत एकेका टेबलाशी जातात, त्यांची भाषा व इतर तयारी पाहिली जाते आणि घरी काय करावे हे आयांना सांगितले जाते. ही रीत आम्हांला भावते, कारण तपासणीनंतरचे काम येथे मोठ्यांच्या वाट्याला येते. परंतु ऊसतोडीच्या मुलाला तपासताना अधिक जपायला हवे. अननसाचे चित्र दाखवून ‘अ’ विचारला, तर ज्याने अननस पाहिलाच नाही ते मूल गप्प राहील. ‘ऊ उसाचा’ असे म्हटले, तर कदाचित तेच आपल्याला चार गोष्टी शिकवील. घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरील मुलाची मराठी कच्ची असेल. त्याची बुद्धी कच्ची नसते. आणि जे मूल सहा महिने फडावर होते, त्याच्या तक्त्यावर त्या सहा महिन्यांचा हिशेब कोण मांडणार?

शुभवर्तमानातील मेंढपाळानेही आपली मेंढरे मोजली असली पाहिजेत; एरवी शंभरांतील एक हरवले हे त्याला कसे कळले असते? त्याने मोजले ते हरवलेले कोठे आहे हे शोधायला निघता यावे म्हणून. जे मोजमाप मोठ्यांना उठवून चालायला लावते, ते धर्म्य होय. जे मुलाला मान खाली घालायला लावते, ते कितीही शास्त्रशुद्ध असले तरी अन्याय्य होय.

निघताना आम्ही त्या आजीजवळ पुन्हा बसलो आणि कोल्ह्याचे पुढे काय झाले, असे विचारले. पदराआडून उत्तर यायला बराच वेळ लागला. या वेळी आम्ही थांबून राहिलो.