प्रसंगाने घडलेले तीर्थ

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव नगर–मनमाड रस्त्याजवळ वसलेले असून, १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच तालुक्यात असल्यामुळे परिषदा आणि चर्चासत्रांसाठी परगावाहून येणाऱ्यांची वर्दळ या भागाला नवी नाही. सत्र आटोपले की गाडी ठरवायची, एका दिवसात शिर्डी आणि शनिशिंगणापूर करायचे, वाटेत कुठेतरी जेवायचे, असा अशा पाहुण्यांचा बहुधा बेत असतो. आणि त्यातून एक जुना धर्मप्रश्न पुन्हा उभा राहतो, तो असा की, कामासाठी आलेल्या माणसाने सवडीने घेतलेल्या देवदर्शनाला यात्रा म्हणावे काय?

‘तीर्थ’ हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून आला असून नदीचा उतार, म्हणजे जिथून पाण्यात पाय घालून पलीकडे जाता येते ती जागा, हा त्याचा एक जुना अर्थ आहे. धर्मशास्त्राने या पार होण्याला हिशेब लावला. स्मृति-पुराणांतील वचने विषयवार जुळवून निर्णय देणाऱ्या ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणतात, आणि मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात काशीत रचलेला ‘त्रिस्थलीसेतु’ हा त्यांपैकी तीर्थविषयक असा विख्यात ग्रंथ आहे. या परंपरेत मान्य असलेला एक नियम असा की, ‘प्रसंगाने’, म्हणजे दुसऱ्या कामाच्या निमित्ताने, तीर्थाला जाणाऱ्यास निम्मे फळ मिळते, तर ‘परान्नाने’, म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर, जाणाऱ्यास केवळ सोळावा हिस्सा. ज्याचे भाडे संस्था देते आणि ज्याला आयोजक जेवू घालतात, तो परिषदेचा पाहुणा या हिशेबात दोन्हीकडून उणा ठरतो. नियम कठोर वाटला तरी तो पोकळ नाही. तीर्थ म्हणजे तप, आणि तप स्वतःच्या देहाने व स्वतःच्या शिदोरीवर करायचे असते, ही त्यामागची धारणा पंढरीची पायी वारी केलेल्या कोणालाही उमजेल.

तथापि याच गोदावरी–प्रवरेच्या मुलखात परान्नाविषयी नेमका उलटा विचार रुजला आहे. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. भजनाचे पहारे बदलत राहतात, नामघोष मात्र सात दिवस खंडत नाही, आणि प्रसादाला आमटी-भाकरी असते. भाकरी गावोगावच्या चुलींवर भाजल्या जातात, फडक्यांखाली झाकून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येतात, कढयांतली आमटी बादल्यांनी पंगतीत फिरते. जेवणारा भाकरी चुरून मधोमध आळे करतो आणि वाढपी त्यात आमटी ओततो. ती भाकरी कोणत्या घरची हे कोणी विचारत नाही आणि विचारूनही कळणार नाही. जाड, बारीक, एका कडेला करपलेली, जी पुढ्यात येईल ती. येथे सारेच परान्न खातात. सप्ताहाची सांगताही काल्याच्या कीर्तनाने होते, आणि काला म्हणजे गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाणे. ज्या शिदोरीवर शास्त्राने पुण्य मोजले, ती शिदोरीच येथे वेगळी राहत नाही.

मग शास्त्राचा नियम खोटा मानावा काय? तसे नव्हे, त्याने ओळखलेला धोका खरा आहे, पण तो धोका वाहनात, अन्नात किंवा निमित्तात नसून आवडीनिवडीत आहे. पायी आलेला माणूसही रांग चुकवण्याची वाट शोधू लागला की तो प्रेक्षक होतो, आणि चर्चासत्रातून उठून आलेला प्राध्यापक अनोळखी गुडघ्याला गुडघा लावून पंगतीत बसला, समोर येईल ते खाऊ लागला, की त्याच्या निम्म्या फळाची वजाबाकी कोणी करू नये. ‘दर्शन’ या शब्दातही देवाला पाहणे जितके आहे तितकेच त्याच्या दृष्टीस पडणे आहे, आणि दुसऱ्याच्या दृष्टीस पडण्यात निवड करण्याजोगे काही नसते.

देवळालीहून पूर्वेला, प्रवरेच्याच काठी, नेवासे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले असे परंपरा मानते, तो पैस खांब तिथे आहे. मंदिर त्याच्याभोवती नंतर उभे राहिले. स्थळे पाहत हिंडणाऱ्याला तो एक साधा दगडी खांबच दिसतो. त्यावर कोरलेला जुना लेख मात्र करवीरेश्वराच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाचा आहे, आणि त्या दिव्याच्या उजेडात पुढे कोण कोण येऊन बसेल, कोण कामाने येईल आणि कोण सहज, हे दात्याने त्यात नोंदवलेले नाही.