बॅग तुम्हीच भरलीत का?

आयुष्यात मी फारसं खोटं बोललेलो नाही. हा काही माझा गुण नव्हे. साताऱ्यासारख्या गावात खोटं टिकत नाही, इतकंच. राजवाड्यावर मारलेली थाप पोवई नाक्याला पोचायच्या आत उघडी पडते. पण लेक लंडनला आणि मुलगा न्यूझीलंडला गेल्यापासून वर्षाआड एकदा तरी मी अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून धडधडीत खोटं बोलतो. मुंबईच्या विमानतळावर काउंटरपलीकडची मुलगी विचारते, "बॅग तुम्हीच भरलीत का? कुणी काही न्यायला दिलंय का?" आणि मी सांगतो, "मीच भरली. कुणी काही दिलेलं नाही."

आता ही दोन वाक्यं जरा तपासून बघा. बॅग म्हणे मी भरली! चाळीस वर्षांच्या संसारात स्वतःचा हातरुमाल मी बॅगेत घातलेला नाही. बॅग सौ. भरते, शेजारचे काटा घेऊन वजन करतात आणि शेवटी चेन लागावी म्हणून समोरच्यांच्या दांडग्या मुलाला वर बसवतात. माझा वाटा म्हणजे दारात उभं राहून "तेवीस किलोच्या वर नको हं" असं ओरडणं. आणि कुणी काही दिलेलं नाही? अहो, माझी सासुरवाडी सांगलीची! निरोप घ्यायला तिथं गेलो की भडंग येतं, बेदाणे येतात, हळद तर येतेच. सांगलीकरांच्या लेखी इंग्लंड हे एक गाव आहे. "तुमची लेक राहते तिथंच आमची पण आहे की," असं म्हणून एक पुडकं हातात पडतं. आमची लेक लंडनला, त्यांची मँचेस्टरला. मधलं अंतर सातारा-मुंबईहूनही जास्त आहे, पण हे सांगणार कुणाला?

याला कुणी बावळटपणा म्हणेल. आम्ही मात्र यातच वाढलो. पूर्वी सातारा स्टँडवर सांगलीच्या एस्टीच्या कंडक्टरच्या हातात डबा द्यायचा आणि म्हणायचं, "सांगलीला पुतण्या येईल, निळा शर्ट असेल." कंडक्टर डब्यात काय आहे ते विचारायचा नाही. फार तर "सांडणार नाही ना?" एवढंच. त्याची सुरक्षा तपासणी ती एवढीच. आणि डबा पोचायचा. पुतण्यानं ऐन वेळी पांढरा शर्ट घातला तरी पोचायचा.

मग एकदा कुठंसं 17 एप्रिल 1986 ची हकीकत वाचनात आली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक आयरिश तरुणी इस्रायलच्या विमानात बसायला आली होती. बाई गरोदर होती. होणाऱ्या नवऱ्याच्या घरच्यांना भेटायला निघाली होती. तो मागाहून येणार होता. बॅग त्यानंच आणून दिली होती. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग सुखरूप पार झाली. पण इस्रायली विमान कंपनीच्या लोकांनी पुन्हा चार प्रश्न विचारले, बॅग रिकामी केली, ती रिकामीही जड लागली, आणि तळाखाली स्फोटकं निघाली. तीनशेहून अधिक माणसं त्या विमानातून जायची होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या गृहस्थाला पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हापासून काउंटरवरच्या मुलीचा प्रश्न मला पूर्वीसारखा पोरकट वाटत नाही. बाई खोटं बोलत नव्हती. तिनं फक्त विश्वास ठेवला होता.

या एका प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरं काढली आहेत. इस्रायलवाले आधी माणसाला प्रश्न विचारतात, वस्तू मागाहून. अमेरिकेला निघालेल्या विमानात 2001 साली एकाच्या बुटात स्फोटक सापडलं, आणि तिथं 2006 पासून सगळ्यांचेच बूट उतरवायला सुरुवात झाली. ते प्रकरण जुलै 2025 मध्ये थांबलं. आमच्या मेहुण्याला त्याचं काही वाटायचं नाही. औदुंबरला दत्तापुढं जाताना चपला काढतोच की आपण, म्हणायचा. काळजी एकच, परत येताना आपलाच जोड मिळेल ना! त्याची हळद मात्र तिथं अडली. विमानात हातातल्या सामानात साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की जादा तपासणी, हा 2018 चा नियम. सांगलीच्या हळदीला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. एकीकडे सन्मान, दुसरीकडे संशय!

आपल्याकडे काठमांडूहून निघालेलं विमान 1999 च्या डिसेंबरात पळवून नेलं, त्यानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आले. लहानशा पाटावर उभं राहायचं, दोन्ही हात पसरायचे, आणि जवान अंगावरून यंत्र फिरवतो. बारशाला पाटावर बसलो होतो, मुंजीला बसलो, लग्नात उभा राहिलो. आता हा एक. 2022 पासून सुकं खोबरं मोठ्या बॅगेतूनही न्यायला बंदी आहे. खोबऱ्यात तेल असतं आणि तेल पेट घेतं, हे खरंच. पण सांगलीहून आलेल्या चिवड्यातले खोबऱ्याचे काप वेचायला आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत बसलो होतो.

न्यूझीलंडमध्ये उलटाच प्रकार. मुलाबरोबर नेल्सनहून वेलिंग्टनला पंख्याच्या छोट्या विमानानं निघालो. देशातल्या देशात नव्वदपेक्षा कमी आसनांचं विमान असेल तर तिथं तपासणीच नाही! पाट नाही, यंत्र नाही, कुणी हात लावत नाही. सरळ चालत जाऊन बसायचं. सौ. तीनदा मागं वळून म्हणाली, "अहो, तपासणी राहिली वाटतं." 2008 मध्ये तिथंच अशा एका विमानात एका बाईनं चाकूनं दोन्ही वैमानिकांना जखमी केलं होतं. विमान सुखरूप उतरलं, सरकारनं विचार केला, आणि होतं तेच चालू ठेवलं. हे मला मुलानं विमान सुटल्यावर सांगितलं. त्या प्रवासात मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या विणकामाच्या सुयांवरून डोळे हलवले नाहीत.

खरं तर पहारेकऱ्याची बाजू घेणं आपल्या रक्तातच नाही. आग्र्याला मिठाईच्या पेटाऱ्यांची तपासणी चार दिवसांनी ढिली पडली आणि महाराज निसटले, हे चौथीच्या वर्गात ऐकताना आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. सांगलीत वसंतदादांनी 1943 साली तुरुंग फोडून खंदकात उडी घेतली, ते सासरे सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. आणि आता आम्हीच म्हणायचं, प्रत्येक पेटारा उघडून बघा?

तरी मी तसं म्हणतो. कारण विमानतळावरच्या झडतीत अपमान नाही. 2009 मध्ये दिल्लीला माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची एका परदेशी विमान कंपनीच्या लोकांनी झडती घेतली. त्यांना नियमानं सूट होती. संसदेत गदारोळ झाला, कंपनीनं माफी मागितली. तक्रार केली नाही ती एकट्या कलामांनी. यंत्राला मी आणि माझ्यामागचा सारखेच. सगळ्यांवर संशय म्हणजे कुणावरच नाही. घरात कात्री घेऊन बसलं की मात्र संशय एकाच माणसावर असतो.

हे मला कळलं ते माईंच्या पुडक्यामुळे. माई म्हणजे सौ.च्या माहेरच्या शेजारीण, गावभागातल्या. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी मँचेस्टरच्या लेकीसाठी मांजरपाटात शिवलेलं पुडकं दिलं. बारीक, एकसारखी टाचणी. साताऱ्याला परत आलो आणि रात्री झोप येईना. आयरिश बाई डोळ्यांपुढून हलेना. उठलो, पडवीतला दिवा लावला आणि शिवण उसवली. मेतकूट, सांडगे, जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं, आणि कागदाच्या पुडीत एक करडी पूड. छातीत धस्स झालं. हुंगून बघितली. देवापुढचा अंगारा होता.

"सापडला का बॉम्ब?" सौ. दारात उभी होती. बाकी काही बोलली नाही. शिवूनही दिलं नाही. मीच शिवलं.

माईंची लेक पुडकं घ्यायला लंडनला आली. शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, "काका, ही आईची शिवण नाही. कस्टमवाल्यांनी फोडलं असेल ना?"

"त्यांनीच," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा माईंनी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी पुढं केली. "तिकडचे लोक फोडतात म्हणे. म्हणून उघडंच ठेवलंय. तुम्ही पण एकदा बघून घ्या, जावईबापू."

"त्यात काय बघायचं, माई," म्हणत मी पिशवी उचलली. पुडी वरच होती. इंग्लंडातल्या साहेबाला कळावं म्हणून माईंनी तिच्यावर शाईनं, थरथरत्या पण ठळक देवनागरीत लिहिलं होतं: अंगारा.