आवाज कुणाचा?

माणूस पन्नाशीच्या पुढे सरकला की त्याला तीन मार्ग मोकळे राहतात: अध्यात्म, होमिओपॅथी आणि बुलेट. पैकी अध्यात्मात पहाटे उठावं लागतं आणि होमिओपॅथीत कांदा-कॉफी सोडावी लागते, म्हणून मी तिसरा मार्ग धरला. बुलेट जुनी घेतली. जुनी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी थांबायच्या जागी गिअर बदलत होतो आणि गिअर बदलायच्या जागी थांबत होतो. पण ते एक असो.

गाडीत एकच खोट होती. तिला आवाज नव्हता. म्हणजे होता, पण आधीच्या मालकाने तिला साधा, लांब, सरळमार्गी सायलेन्सर लावला होता. त्यातून ती पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखी घसा खाकरत चालायची. बुलेट घ्यायची आणि ती गल्लीच्या तोंडाशी आल्याचं घरात कळू नये, हे म्हणजे वरात काढायची आणि बँड सांगायचा नाही, तसं झालं. हिचं मत वेगळं पडलं. "अहो, घरात तुमचा आवाज निघत नाही, म्हणून तो गाडीतून काढायचाय तुम्हांला," असं ती म्हणाली. बायकांना मानसशास्त्र शिकवावं लागत नाही.

तेव्हा मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, कसला देऊ? इंदोरी, पंजाब, डॉल्फिन, शार्क?" वास्तविक शार्क हा मासा सहसा ब्र काढत नाही, पण हे त्याच्याशी वाद घालण्याचं ठिकाण नव्हतं. मी म्हणालो, "ज्याचा आवाज जास्त, तो सायलेन्सर द्या." हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला काहीही खटकलं नाही. अंधार जास्त देणारा दिवा मागावा, तसंच ते होतं. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं: 'सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही.' आता सार्वजनिक रस्ता वगळला तर माझ्याकडे फक्त दोन बेडरूम आणि एक गॅलरी उरते. पण बारीक अक्षरं वाचायची नसतात, हे आपण बँकेत शिकलेलो असतो.

मेकॅनिकने बसवायचे तीनशे रुपये सांगितले. मी म्हटलं, मी स्वतः बसवीन. प्रश्न तीनशे रुपयांचा नव्हता (होता, पण तेवढाच नव्हता). स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला काही नैतिक वजन असतं, अशी माझ्या पिढीची समजूत आहे. आमच्या शाळेत सूतकताईचा तास होता. माझं सूत सतत तुटायचं, पण समजूत तेवढी टिकली.

रविवारी सकाळी आठ वाजता मी खाली पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं. वरवर पाहता काम सोपं. सायलेन्सर पुढे बेंड पाइपवर क्लॅम्पने धरलेला असतो आणि मागे फूटरेस्टपाशी एका बोल्टने. दोन ठिकाणी सोडवला की सुटला. संसारातून सुटण्याबद्दलही साधुसंत असंच सांगतात. प्रत्यक्षात मागचा बोल्ट गंजलेला होता आणि त्याला लागणारा पाना माझ्या बावीस पान्यांच्या संचात नेमका नव्हता. तो आणला, गंजाचं तेल सोडलं, चहा घेतला, पुन्हा तेल सोडलं. दहाच्या सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उलटा फिरवताय." मी उलटाच फिरवत होतो. त्यांच्यासमोर तो सुलटा फिरवणं शक्य नव्हतं, म्हणून ते जाईपर्यंत मी नुसता पाना धरून विचारमग्न बसलो. साडेअकराला बोल्ट सुटला तो बोटांची सालटी घेऊनच. मग लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने ठोकता ठोकता जुना सायलेन्सर एकदम निघाला आणि मी त्याला कवटाळून जमिनीवर बसलो. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या.

नव्याचं तोंड पाइपपेक्षा किंचित रुंद निघालं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली, ती मध्ये गुंडाळली आणि वरून क्लॅम्प आवळला. इथे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एक नट पक्का आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. आधी सगळे नट नुसत्या हाताने लावायचे, पाइप नीट आपल्या जागी बसू द्यायचा, आणि मग आवळायचं. मुलांची लग्नं जमवतानाही हा नियम पाळला असता तर बरं झालं असतं, पण तेव्हा माझ्याकडे बुलेट नव्हती.

दुपारी एक वाजता मी किक मारली. काय सांगू? कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात आम्ही घसा फोडून 'आवाज कुणाचा' विचारायचो. तेव्हा उत्तर कॉलेजच्या नावाने यायचं. त्या दिवशी पार्किंगमध्ये पहिल्यांदा ते माझ्या एकट्याच्या नावाने आलं. दोन मोटारींचे अलार्म वाजले. कबुतरं उडाली. आणि हे सगळं मी केलं होतं, माझ्या सोललेल्या बोटांनी!

मग मी तक्रारीची वाट पाहू लागलो. मुद्देही तयार ठेवले होते: लग्नाचे बँड, गणपती, गच्चीवरचे वाढदिवस. पण तक्रार आलीच नाही. उलट तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, ज्यांना कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ते मला थांबवून म्हणाले, "छान आहे हो तुमची गाडी! पुष्कळ दिवसांनी काहीतरी ऐकू आलं." एका कर्णबधिर माणसाच्या आयुष्यात मी नाद आणला होता. याहून मोठं नैतिक प्रमाणपत्र कुठलं? रोज सकाळी पावणेनऊला मी ते वाजवीत कामावर जाऊ लागलो.

दीडेक महिन्याने जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली. ती नर्स आहे. तिने विचारलं, "काका, तुमची गाडी रोज पावणेनऊलाच निघते ना? उद्यापण?" मला वाटलं, हिला स्टेशनपर्यंत सोडायला हवं असेल. मी उदारपणे म्हटलं, "सांग की, कुठे जायचंय?" ती हसली. "नाही काका. रात्रपाळी चालू आहे. मी साडेसातला येते. आधी झोपले तर तुमची गाडी सुरू झाली की दचकून जाग येते. मग पुन्हा लागत नाही. म्हणून हल्ली तुम्ही गेल्यावरच झोपते. उद्या सुट्टीबिट्टी असेल तर लवकर पडेन म्हटलं."

यात तक्रारीचा सूर नव्हता. एस.टी.चं वेळापत्रक विचारावं तसं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, "अगं, मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "कसं सांगणार? तुम्ही किती हौसेने स्वतः बसवलात. आम्ही सगळे गॅलरीतून बघत होतो."

म्हणजे त्या टाळ्या तिच्या घरच्याच होत्या.

वाचकहो, जे काम मी स्वतःच्या हाताने केलं म्हणून मला निर्दोष वाटत होतं, त्याच कारणाने त्यांची तोंडं बंद झाली होती. मेकॅनिककडून बसवून घेतला असता तर त्यांनी मला खुशाल सुनावलं असतं. माझी सालटी निघालेली बोटं पाहून ते गप्प बसले. आणि त्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. आपल्याकडे शेजारधर्म हाच सगळ्यांत उत्तम सायलेन्सर आहे. तो इतकं काही आतल्या आत जिरवतो की बाहेर फक्त 'कसं काय, बरंय ना?' एवढंच ऐकू येतं. सोसणारा ओरडत नाही, म्हणजे त्याला लागत नाही, हा हिशेब किती सोयीचा! तो मी बुलेटपुरताच मांडत होतो असंही नाही. घरातही मांडला असेल. त्या रात्री हिच्याकडे जरा निरखून पाहिलं. ती म्हणाली, "काय झालं? पाना हरवला का?"

मग, शहाणपण नेहमी येतं तसं, काम झाल्यावर मी वाचायला बसलो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि तो शक्य तितका आवाज कमी करण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या फोनने पार्किंगमध्ये ९० दाखवले. फोनच्या आकड्याला कोर्टात किंमत नाही, पण घरात आहे. मी म्हटलं, ५५ आणि ९०, म्हणजे दुपटीच्याही आतच की! तेव्हा चिरंजीवांनी सांगितलं की डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसतो. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहा पट होते. म्हणजे पस्तीस डेसिबलला तीन हजार पटींच्याही वर. माझं गणित पहिल्यापासून कच्चं, पण एवढं कधी महाग पडलं नव्हतं.

याच वाचनात मॅक्सिम बापलेक भेटले. बाप हायरम मॅक्सिम याने १८८४च्या सुमारास मशीनगन तयार केली आणि तिच्या आवाजाने म्हातारपणी तो ठार बहिरा झाला. मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर काढला, १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं आणि मोटारींच्या सायलेन्सरवरही काम केलं. तत्त्व एकच: कोंडलेला तापलेला वायू एकदम बाहेर सोडायचा नाही, त्याला दोन-चार दालनांतून फिरवून थंड करून मग सोडायचा. रागाबद्दल आमची आजी हेच सांगायची. पण त्या बापाचं एक बरं होतं. त्याने जो आवाज केला तो निदान स्वतःच्या कानाने भोगला. माझी गोष्ट वेगळी. धुराड्याचं तोंड मागे आणि मी पुढे, डोक्यात हेल्मेट घालून. मी निघून जायचो, आवाज मागे राहायचा. डोळ्याला देवाने पापणी दिली आहे, कानाला दिलेली नाही. म्हणून दुसऱ्याच्या कानाची पापणी आपणच व्हायचं असतं, असं मला वाटू लागलं. आवाज काढणाऱ्याचा, हे माझं कॉलेजातलं उत्तर. आता वाटतं, तो ऐकणाऱ्याचा असतो. घर त्याचं, झोप त्याची.

पुढच्या रविवारी पुन्हा गोणपाट अंथरलं. जुना सायलेन्सर वीस मिनिटांत बसला. उतरणीचं काम नेहमी लवकर होतं. या खेपेला गॅलरीत कुणी नव्हतं. टाळ्या पडल्या नाहीत, आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती. (थोडी होती.)

दोन दिवसांनी मास्तरांनी हाक मारली, "गाडी विकलीत का हो?" आता आली का पंचाईत! एकाला झोप द्यायची तर दुसऱ्याचा नाद काढून घ्यावा लागतो. तराजू लावून पाहिला. मास्तरांचा आनंद खरा होता, पण त्याची किंमत दुसऱ्या मजल्यावरून वसूल होत होती. मग एक सुचलं. आता संध्याकाळी मी आलो की गाडी स्टँडवर लावून इंजिन मिनिटभर चालू ठेवतो आणि मास्तर पेट्रोलच्या टाकीवर तळहात टेकून उभे राहतात. बुलेट ही आवाजापेक्षा हादऱ्यांनीच जास्त बोलते. "लागतंय, लागतंय," मास्तर म्हणतात. ते ऐकू येतं म्हणत नाहीत, लागतं म्हणतात.

राहता राहिला तो शार्क. विकावा, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत, दुसऱ्या कुठल्या तरी रात्रपाळीच्या उशाशी जाणार. भंगारवाल्याला द्यावा, तर तो त्याला पॉलिश मारून विकणारच नाही याची खात्री काय? पोलिसांनी बऱ्याच शहरांत असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला, पण एका नगासाठी रोडरोलर मागवणं मला परवडणार नाही. तेव्हा मी तो जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला आहे. गेले सहा महिने तो तिथे पडून आहे. त्याच्या तोंडून एक अक्षर निघालेलं नाही. जन्मात पहिल्यांदाच तो आपल्या नावाला जागतो आहे.