शब्दाचा धनी

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरात चपला करतो. गणितात तो कच्चा होता. पण हात असा की फळ्यावरचे माझे वर्तुळ पाहून त्याला माझी कीव येत असावी. वडिलांमागे दुकान त्याच्याकडे आले. दुकान म्हणजे दहा फुटांची खोली. पुढे विक्री, मागे काम, आणि कोपऱ्यात चामड्याची वेणी घालत बसलेली त्याची आई.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तो घरी आला. म्हणाला, "गुरुजी, माल चांगला हाय, पण गिऱ्हाइकाला कळायचं कसं? पुण्याची मंडळी महिन्याला पैसं घिऊन जाहिरातीचं सगळं बघतो म्हणत्यात. पोरगं म्हणतंय, मोबाईलवर मीच करतो. तुम्ही तर कादंबऱ्या लिवता. तुम्हीच चार ओळी द्या की!"

कादंबरीकाराकडे चार ओळी मागणे म्हणजे पैलवानाला भाजीची पिशवी उचलायला सांगणे. मी तिथल्या तिथे लिहिले : 'ऊन असो, पाऊस असो, ही कोल्हापुरी पायांची साथ सोडणार नाही.' वाक्य मला फार आवडले. तो क्षणभर थांबला. पण गुरुजींचे वाक्य खोडायचे कसे? पत्रके निघाली. मुलाने तीच ओळ मोबाईलवरून दूरदूर पोचवली.

पुढच्या जुलैत मी दुकानात बसलो असताना एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. आत फुगलेला, वास मारणारा जोड होता. त्यांनी माझे वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याची; शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही. उन्हात ती पायाला थंडावा देते, पण पाण्यात भिजत राहिली की तळ फुगतो. हे त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला. विद्यार्थ्याने मुकाट्याने नवा जोड काढून दिला. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वाक्य माझे होते, भरपाई त्याची झाली.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला? आपण विचारतो की लिहायला कोणाला येते, सवड कोणाला आहे, पैसे किती पडतील. पण त्या शब्दाचा धनी कोण, हे विचारायचे राहून जाते.

आमच्या गावातच याचे मोठे उदाहरण आहे. राजवाड्याच्या चाकरीत असताना हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे यांना मार खावा लागला होता. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. चहा चांगला, जागा स्वच्छ. पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात थांबवू लागले. स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. तिथे शब्दांची कारागिरी नव्हती. एका छत्रपतीने आपली पत त्या कपाला जोडली होती. उद्या चहा वाईट निघता, तर बोल महाराजांनाही लागला असता.

उलट उदाहरणही दूरचे नाही. 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या बड्या पेढीने तशाच चपला मिरवल्या, आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर मूळ प्रेरणा भारतीय कारागिरांची, हे त्यांनी मान्य केले. मला त्यांच्यावर दगड मारता येत नाही. मी नसलेला गुण घातला, त्यांनी असलेले नाव गाळले. परत आलेला जोड हातात घेण्याची पाळी दोघांवरही येणार नव्हती.

म्हणून लिहिणारा बाहेरचा नको, असे मी म्हणत नाही. पुण्याच्या मंडळींना त्यांचा धंदा कळतो. मुलाला मोबाईल कळतो. स्वतः कारागीर तरी खोटे बोलणार नाही कशावरून? पोट त्यालाही आहे. पण त्याचे खोटे पिशवीत बसून त्याच्याच उंबऱ्यावर परत येते, आणि ही भीती माणसाला जपून बोलायला लावते. लिहावे कोणीही, काय लिहायचे ते उंबऱ्यावर बसणाऱ्याने ठरवावे.

गेल्या दिवाळीला मी दुकानात जाऊन पोराच्या हाती कागद दिला आणि आजीला विचारले, काय लिहायचे? वेणीवरची नजर न काढता ती म्हणाली, "लिव, पावसात घालू नका. वादी तुटली तर घिऊन या, शिवून दिऊ."

पोराने लिहिले. मी 'सुबक' एवढा एकच शब्द मध्ये घालायला सुचवला.

तिने मान वर केली. "ह्ये कशापायी, गुरुजी? चप्पल दिसतीया की समोर."