ओळखीचे मोल

ओळखीवर धंदा चालतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. वसईची भाजीवाली मुंबईत ठरलेल्या दारीच टोपली उतरवी. घरच्या माणसांची विचारपूसही करी. मात्र तिथे गिऱ्हाईक स्वतःला गिऱ्हाईकच समजे.

प्रश्न उद्भवतो तो पाहुण्याला गिऱ्हाईक करण्याचा. अमेरिकेत टपरवेअर कंपनीने १९५१ साली आपले प्लास्टिकचे डबे दुकानांतून काढून घेतले आणि घरगुती मेळाव्यांतून विकायचे ठरवले. ब्राउनी वाइज या बाई त्या विक्रीच्या प्रमुख झाल्या. यजमानीण शेजारणींना बोलावी, विक्रेती डबे दाखवी, यजमानिणीला भेटवस्तू मिळे. डबा घेतला तो गरजेपोटी की मैत्रिणीचा शब्द मोडवेना म्हणून, हे शेजारणीला स्वतःलाही सांगता आले नसते.

आज तो मेळावा खिशात आला आहे. व्हॉट्सॲपवर एका यादीतील २५६ जणांपर्यंत एकच निरोप एकदम धाडता येतो. पण ज्यांनी आपला नंबर नोंदवून ठेवला आहे, त्यांनाच तो पोहोचतो. म्हणजे बाजारपेठ कोणाची? ज्यांनी आपल्याला आपले मानले, नेमकी त्यांचीच!

तरीही, जिच्यापाशी दुकानाचे भांडवल नाही तिने ओळखही वापरू नये, असे म्हणण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्याला नाही. मला बोचते ते एवढेच, की नकाराची वाट मोकळी असते का?

परिचयाच्या एका बाईंच्या लोणच्याला मी दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी त्यांचा निरोप आला, तो माझ्या गुडघेदुखीची चौकशी करणारा. लोणच्याचा त्यात उल्लेखही नव्हता.