पन्नाशीनंतरचा देहधर्म

मनुष्य पन्नाशीच्या पलीकडे गेला म्हणजे त्याने देहावरील लक्ष हळूहळू काढून घ्यावे व ते परमेश्वराकडे लावावे, अशी आपल्या धर्माची शिकवण आहे. आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थाचा आरंभ याच सुमारास मानिलेला आहे. मग नेमक्या याच वयात वजन कमी करण्याची, चालण्याफिरण्याची आणि व्यायामाची खटपट आरंभणे हा देहाचा मोह नव्हे काय? जो देह आज ना उद्या पडावयाचाच, त्याचे एवढे कौतुक कशासाठी? अशी शंका अनेक सज्जन प्रामाणिकपणे विचारतात. कित्येक जण मात्र याच शंकेच्या आडोशाला स्वस्थ बसून राहतात. प्रामाणिक शंका कोणती आणि आडोसा कोणता, हे ज्याचे त्यानेच ओळखावयाचे असते. ते ओळखण्यास साहाय्य व्हावे, एवढ्याच हेतूने हा विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका गृहस्थाची हकीकत

चेन्नई शहरात बंदराला लागून जॉर्ज टाउन ही जुनी व्यापारी वस्ती आहे. इंग्रजी अमदानीत तिला ब्लॅक टाउन म्हणत. १९११ साली ते नाव बदलले. येथील साहुकारपेठेत सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून आलेली मराठी माणसे सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करतात. त्यांपैकी माझ्या परिचयाच्या एका गृहस्थाची ही हकीकत आहे.

त्यांचे वय छप्पन्न. सकाळी गादीवर बसले की रात्रीच उठावयाचे. माल आणणे-नेणे कामगारांकडे, जेवणाचा डबा जागेवर, आणि दोन गल्ल्यांपलीकडे जावयाचे तरी रिक्षा. थंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळ देवीच्या दर्शनास छत्रपती शिवाजी महाराज १६७७ साली येऊन गेले, अशी त्या देवळाची परंपरा आहे. तिचा या गृहस्थांना मोठा अभिमान. ‘महाराज येथवर घोडा दौडवीत आले, आणि आम्हांला साहुकारपेठेतून तेथे जाण्यास रिक्षा लागते’, असे ते स्वतःच हसून म्हणत. वजन ९४ किलो झाले होते. वैद्यकीय सल्ला कानांवर पडत होता. परंतु गीतेचा नित्यपाठ करणाऱ्या या गृहस्थांचे उत्तर ठरलेले असे: ‘देह नाशवंत आहे.’

एके दिवशी पहाटे त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई न्हाणीघरात घसरून पडली. हे धावले, वाकले. पण तिला उचलता येईना. गुडघे धरून आले, छातीत धाप दाटली, आणि भिंतीला टेकून उभे राहण्यापलीकडे काही करवेना. अखेरीस भट्टीवरचा विशीतला कामगार वर आला आणि त्याने म्हातारीला अलगद उचलून अंथरुणावर ठेविले. सुदैवाने तिला फारशी इजा झाली नव्हती. डोळे उघडताच ती मुलाला म्हणाली, “अरे, तू बस आधी. तुलाच किती धाप लागली आहे!”

त्या शब्दांत रागाचा लवलेशही नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. पुढे ते मला म्हणाले, “देह नाशवंत आहे, असे मी तीस वर्षे म्हणत आलो. पण त्या पहाटे कळले की मी विरक्त नव्हतो. मी केवळ आळशी होतो.”

विरक्ती की तमोगुण?

या एका वाक्यात आरंभीच्या शंकेचे अर्धे उत्तर आहे. विरक्ती प्रथम भोग सोडते. आळस मात्र भोग ठेवून फक्त श्रम सोडतो. ज्याला देह खरोखरच तुच्छ वाटतो, त्याने त्या देहाच्या जिभेचे लाड पुरवावयाचे कशाला? जिलेबीची तिसरी फेरी नाकारण्याच्या वेळी देहाचे नाशवंतपण आठवत नाही, आणि पहाटे उठून चालावयाच्या वेळी मात्र आठवते, तर ते वैराग्य नसून तमोगुण होय. प्रमाद, आळस आणि निद्रा यांनी तमोगुण जिवाला बांधतो, असे भगवंतांनी चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात तर कर्म टाकल्यास शरीराचा निर्वाहही चालणार नाही, असे अर्जुनाला बजाविले आहे.

तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे. शेत आपल्या जन्मापूर्वीही होते व आपल्या मागेही राहील, हे शेतकऱ्याला पुरते ठाऊक असते. म्हणून तो त्यात तण माजू देत नाही. ज्याच्या शेतात तण माजले, त्याला गावात कोणी विरक्त म्हणत नाही. देहही आपणांस कसण्यासाठी दिलेला आहे. त्याचा अभिमान धरणे ही एक चूक, आणि त्याची हेळसांड करणे ही दुसरी.

शिवाय हा देह आपल्या एकट्याचा कोठे आहे? त्यावर वृद्ध मातापित्यांचा, पत्नीचा आणि मुलाबाळांचा हक्क आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने चेन्नईतील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि सुमारे ३५ कोटी लोकांच्या पोटावर घातक ठरेल एवढी चरबी साठलेली आहे. यांतील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे; औषधाचा खर्च, रुग्णालयातील रात्री आणि दुसऱ्या कोणाचे तरी थकलेले हात आहेत. आपल्या हातून टळण्यासारखे दुखणे ओढवून घेऊन ते सुनेच्या अंगावर टाकणे, याला अनासक्ती म्हणता येईल काय?

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. स्थूलता ही प्रत्येक वेळी दोषाची खूण नसते. आनुवंशिकता, काही ग्रंथींचे विकार, काही औषधे, रात्रपाळीची कामे अशी अनेक कारणे तिच्यामागे असू शकतात. म्हणून हा विचार आरशात पाहून स्वतःपुरता करावयाचा आहे. तो दुसऱ्याच्या पोटाकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे. स्थूल माणसास हिणविणे हे कोणत्याही धर्मात बसत नाही.

अतिरेकही वर्ज्य

आमच्या गृहस्थांनी निश्चय केला आणि दुसऱ्या टोकाला गेले. चार दिवस केवळ लिंबूपाणी घेतले. पाचव्या दिवशी गादीवरच घेरी आली. मनुष्याचा स्वभावच असा आहे की तो भोगात अती करतो आणि पश्चात्तापातही अती करतो. अधिक खाणाऱ्यास योग साधत नाही, तसाच अजिबात न खाणाऱ्यासही साधत नाही, असे सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. जे दंभाने शरीराला पीडा देतात, ते त्या शरीरात वसणाऱ्या भगवंतालाच पीडा देतात, असा इशारा सतराव्या अध्यायात आहे. आपल्या उपवासांची तऱ्हा तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतच आली आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाणे यांनी भरलेला उपवास देहालाही उपकारक नाही आणि चित्तालाही नाही.

या बाबतीत गलाईच्या धंद्यातीलच एक गोष्ट मी त्यांना आठवून दिली. सोने मुशीत घातले की त्याचे वजन घटते. पण घट दिसली म्हणून गाळणारा समाधान मानीत नाही. जे गेले ते हीण गेले की सोने गेले, हे तो आधी पाहतो. देहाचेही तसेच आहे. वाढत्या वयाबरोबर स्नायू आपोआप झिजू लागतात. उपासमार करून वजन उतरविले, तर चरबीबरोबर हे स्नायूही जातात. काट्यावर आकडा खाली येतो, पण जिना चढण्याचे, पडलेल्यास उचलण्याचे आणि स्वतः न पडण्याचे बळच निघून जाते. हीण ठेवून सोने घालविण्यासारखाच हा प्रकार झाला.

म्हणून पन्नाशीनंतर युक्त मार्ग कोणता, तर प्रथम वैद्याकडून प्रकृती तपासून घ्यावी. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास आहारातील बदल त्यांच्या सल्ल्यानेच करावा. भात, साखर आणि तळलेले पदार्थ यांचे प्रमाण उतरवावे. पण वरण, कडधान्ये, दूध-ताक आणि भाज्या यांत काटकसर करू नये, कारण स्नायूंचे पोषण त्यांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आठवड्यास निदान १५० मिनिटे झपझप चालावे आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावेत. ज्याला काहीच जमत नाही, त्याने हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठून बसावे. तोही आरंभच होय.

आपल्या गृहिणींसाठी येथे दोन शब्द अधिक सांगावेसे वाटतात. सर्वांची जेवणे आटोपल्यावर पातेल्यात उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून पोटात घालण्याची सवय घरोघरी आढळते. अन्नाविषयीचा हा आदर वंदनीय आहे. पण नको असता पोटात घातलेले अन्नही वायाच जाते, आणि वर देहाला भार होते. खरा आदर मोजून शिजविण्यात आहे. तसेच घरकामात दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम झाला, असे समजू नये. गृहिणीला चालण्यासाठी अर्धा तास मोकळा मिळेल, अशी व्यवस्था करणे हा घरातील इतरांचा धर्म आहे.

वय झाले, आता काय आरंभावयाचे, असे म्हणणाऱ्यांनी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे चरित्र आठवावे. आधी त्यांनी सुमारे दहा वर्षे पाश्चात्त्य उपकरणांनी व्यायाम केला, आणि चाळिशीच्या सुमारास सूर्यनमस्कार स्वीकारून पुढे त्यांचाच आजन्म प्रसार केला. त्याच औंधात दीर्घकाळ राहिलेले गीतेचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) शंभरी ओलांडून गेले. चेन्नईतच उत्तरायुष्य घालविलेले योगाचार्य कृष्णमाचार्य (१८८८–१९८९) यांचा तर कटाक्ष असे की, आसन माणसाच्या वयाला व शक्तीला अनुरूप असावे. माणसाला आसनासाठी पिळू नये.

काट्यावरचे फळ

आता मुख्य गोष्ट. नेम सुरू झाला की मनुष्य रोज काट्यावर उभा राहू लागतो. आकडा उतरला तर हर्ष, न उतरला तर विषाद. आणि एके दिवशी विषादाने नेमच सुटतो. कर्म आपल्या हाती आहे, फळ नाही, हा गीतेचा सिद्धांत आपण रणांगणासाठी राखून ठेवितो. परंतु तो काट्यासाठीही तितकाच खरा आहे.

याची साक्ष जॉर्ज टाउनच्या याच शहराने दिली आहे. डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शंभरी ५५ जणांना मधुमेह जडला. ज्यांच्याकडून आहार व चालणे यांचा नेम करविला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ एवढेच राहिले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या दुसऱ्या गटाचे वजन फारसे घटलेच नव्हते. काटा जागचा हलला नाही, तरी कर्म आत आपले काम करीत होते. या मार्गावर आरंभिलेले वाया जात नाही, आणि थोडेही आचरण मोठ्या भयापासून तारते, या दुसऱ्या अध्यायातील आश्वासनाचे याहून व्यावहारिक उदाहरण कोणते द्यावे?

हा नेम प्रथम कडू लागतो, हेही खरे. जे सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, तेच सात्त्विक, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. मिठाईचे सुख याच्या नेमके उलट असते.

घरातील वानप्रस्थ

आमचे गृहस्थ आता पहाटे, गल्ल्यांतून मालाच्या गाड्यांची गर्दी होण्यापूर्वी, साहुकारपेठेतून कालिकांबाळच्या देवळापर्यंत पायी जातात व पायीच परततात. रात्रीचे जेवण आटोपशीर झाले. वर्षभरात आठ किलो वजन उतरले. मध्यंतरी तीन महिने काटा हलला नव्हता, तेव्हाही त्यांनी नेम सोडला नाही. मी विचारले, “सर्वांत मोठा लाभ कोणता?” ते म्हणाले, “देवीपुढे साष्टांग नमस्कार घालून कोणाचा हात न धरता उठता येते. आणि आईला न्हाणीघरापर्यंत मी स्वतः नेतो.”

वानप्रस्थाचा खरा अर्थ येथे दिसतो. वनात जाणारा कमी खाई, पायी चाले, स्वतःची कामे स्वतः करी आणि कोणावर भार होत नसे. आज वनात जाणे थोड्यांनाच शक्य आहे. पण मोजके खाणे, नेमाने चालणे आणि कोणावर भार न होण्याचा यत्न करणे, हे घरात राहूनही साधता येते. देह सुंदर दिसावा म्हणून हे करावयाचे नाही. मृत्यू टळावा म्हणूनही नाही, कारण तो टळत नाही. जोवर हा देह आहे तोवर त्याने सेवा करावी, निदान सेवा घेण्याची पाळी लवकर येऊ नये, यासाठी करावयाचे. इतके करूनही दुखणे आलेच, तर ते प्रसन्न चित्ताने सोसावे. आपले कर्म आपण केलेले असते.

उद्याची पहाट प्रत्येकाच्या दारी येणारच आहे. ती भगवंताचे नाव घेत, पायांनी चालत घराबाहेर पडण्यासाठी वापरावी, आणि त्या चालण्याचे फळ त्याच्याच चरणी वाहावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥